डोईचा आकडा

आमच्या चिचवाहीत रोज सकाळी सहाला पुण्याची एक बाई बोलते. ती पुण्याची नाही आणि बाईही नाही. मच्छीमार संस्थेच्या कचेरीत एक डबा आहे, त्याला भोंगा जोडला आहे, आणि त्यातून आवाज निघतो, "नमस्कार. आज घाटावर पाणी कमरेभर आहे." आवाज इतका शुद्ध की गावानं पहिल्याच दिवशी तिला पुण्याची ठरवून टाकलं. उन्हाळ्यात ती "टोंगळाभर" म्हणते तेव्हा चहाच्या टपरीवर हशा पिकतो. गुडघ्याला टोंगळा म्हणणारी पुण्याची बाई अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे आणि ती चामोर्शी तालुक्यात आहे.

डबा निकेशनं केला. निकेश म्हणजे खुशाल आणि गिरजाबाईचा एकुलता एक मुलगा. घर ढिवराचं, म्हणजे तलावात कोणी उतरल्याशिवाय चूल पेटायची नाही. आणि ह्या पोराला पाणी बंद. रक्तात सिकलसेल. गार पाणी अंगाला लागलं की रक्त नसांमध्ये अडतं, हाडं ठणकतात आणि माणूस आठ दिवस लोळतो. "मासोळीच्या घरी जन्मला आन पोट्टा कोरडा राह्यला," असं लोक म्हणायचे. त्याच्या तोंडावरही म्हणायचे. आमच्याकडे पाठीमागे बोलायची पद्धत नाही, तेवढा वेळ नसतो.

आजारानं त्याची उंचीही खाल्ली होती. सत्ताविसाव्या वर्षी तो नववीतला वाटे. एकदा एस.टी.च्या कंडक्टरनं त्याला न विचारता अर्धं तिकीट दिलं. निकेशनं उरलेलं अर्धं मागून घेतलं आणि गडचिरोली येईस्तोवर त्या कंडक्टरला मोबाइलमधला बिघाड दुरुस्त करून दिला.

चंद्रपूरला शिकला, नागपूरला एका कंपनीत तीन वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिले, मग दुखणं वाढलं तसा घरी आला. घरी बसून काय करायचं, तर तलाव. घाटापाशी पाण्यात एक पाइप उभा केला, त्यात पाणी मोजणारं यंत्र बसवलं, तार कचेरीपर्यंत आणली.

इथं माझा संबंध येतो. मी गुणवंतराव. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं तलावांच्या पट्ट्या वाचल्या. पट्टी म्हणजे सेंटिमीटरच्या खुणा असलेला, पाण्यात उभा केलेला खांब. सकाळी जायचं, पाणी कुठल्या खुणेला टेकलं ते बघायचं, वहीत लिहायचं, वही वर पाठवायची. वर ती वही कोणी उघडत नव्हतं हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं. तोवर मी फार जबाबदारीनं जगलो. आता संस्थेचा सचिव आहे, कारण गावात चष्मा आणि रिकामा वेळ दोन्ही असलेला मी एकटाच.

मी निकेशला म्हटलं होतं, पाणी सेंटिमीटरमध्ये सांग. तेव्हा हाताळं, म्हणजे हातातलं छोटं जाळं, घेऊन झिंगे धरणारी कलाबाई तिथंच उभी होती.

"सेंटिमीटर तुमच्या घरी ठेवा भाऊ," ती म्हणाली. "मले येवढंच सांगा, मी उभी राहीन का बुडीन."

निकेश हसला. दुसऱ्या आठवड्यापासून बाई बोलू लागली. टोंगळाभर, कमरेभर, छातीभर, गळाभर. पाणी त्याच्याही वर गेलं तर "उतरू नका", आणि डोईवर गेलं तर सायरन. कोणत्या सेंटिमीटरला काय म्हणायचं, त्याचे पाच आकडे एका छोट्या फाइलीत होते. ते पाच आकडे लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत.

प्रोग्राम दोन भाषांत होता. वरचा भाग पायथनमध्ये, आतला सी भाषेत. असं का, तर पाणी कधी स्थिर नसतं. वारा असतो, बदकं असतात, म्हैस उतरली की घाटावर समुद्र होतो. म्हणून यंत्र एका दमात शंभर वेळा मोजायचं, सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचं आणि मधला घ्यायचं. हे दिवसभर चालायचं आणि त्या स्वस्त डब्यात पायथनला ते झेपेना.

"भाऊ, पायथन म्हणजे काठावर उभा राहून हुकूम सोडणारा सचिव," निकेशनं मला समजावलं. "आन सी म्हणजे पाण्यात उतरून जाळं ओढणारा."

"सचिव म्हणजे मी का गा?"

"उदाहरण आहे भाऊ."

पण सीमध्ये एक खोड होती. दर मोजणीला ती डब्यातली थोडी जागा घ्यायची आणि परत करायची नाही. जागा परत कर, असं सीला दर वेळी लिहून सांगावं लागतं, आणि निकेशची एक ओळ कुठंतरी राहून गेली होती. अकराव्या दिवशी डबा तुडुंब भरायचा आणि बाई झोपायची. निकेश दहाव्या दिवशीच बटण दाबून तिला उठवायचा. "ओळ शोधतो भाऊ, उद्या," म्हणायचा.

पौषातल्या थंडीत त्याला ताप आला. छातीत दुखू लागलं. चौथ्या दिवशी गेला.

त्यानंतर बटण माझ्याकडे आलं. मी कॅलेंडरवर दर दहाव्या दिवसावर "बाई उठवणे" असं लिहून ठेवलं. आमच्या सौभाग्यवती आशाबाईंनी ते वाचून दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, पण बाई वेळेवर उठत राहिली.

घोळ ऑगस्टमध्ये झाला. मुलीच्या बाळंतपणासाठी मी वर्ध्याला गेलो आणि तेरा दिवस राहिलो. अकराव्या दिवशी बाई झोपली. नेमका त्याच रात्री इकडं धो धो पाऊस. तलाव घाटावर माणसाच्या डोईवर गेला आणि भोंगा मुका. "बाई बोलली नाई म्हणजे काई नवीन नाई," असा सरळ अर्थ काढून संस्थेतला पत्रू जाळं घेऊन उतरला. पत्रू जाळ्यासाठी रोवलेल्या बांबूला लटकून वाचला, जाळं गेलं. मी येईस्तोवर पाणी डोईच्या खाली आलं होतं.

संस्थेची बैठक झाली. बैठकीत पत्रू बोलला, कलाबाई बोलली, मला जे बोलायचं ते सगळ्यांनीच बोलून घेतलं. ठरलं की आतला भाग नवा करायचा. गिरजाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "नवं करा भाऊ. पण त्याचं काई पुसू नका."

मी शब्द दिला. खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाचा शब्द.

निकेशच्या फोनमध्ये दिव्यानीचा नंबर होता. नागपूरच्या कंपनीत ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाली, "रविवारी निघते." दसऱ्यानंतर आली आणि गिरजाबाईंच्या घरीच उतरली. तिथं तिला पहिल्या दिवशी पाहुणी म्हणून अंडाकरी मिळाली आणि दुसऱ्या दिवसापासून घरची म्हणून धान वाळवायचं काम.

कचेरीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती काम करी. मी समोर बसे, देखरेखीला. गिरजाबाई दाराशी बसून जाळं विणत.

"पायथन तसाच राहील," तिनं सांगितलं. "सीचा भाग तेवढा काढून रस्टमध्ये लिहायचा. ही नवी भाषा आहे. काम तेच. पाण्यात उतरायचंच, पण आता कमरेला दोर बांधून."

"आणि दोर कोण धरणार? सचिव?"

"भाषाच धरते. तिला खात्री पटल्याशिवाय ती उतरूच देत नाही."

खरंच देत नव्हती. दिव्यानी पानभर लिही, बटण दाबी आणि पडद्यावर लाल अक्षरांत हरकती उमटत. पहिल्या दिवशी एकेचाळीस होत्या. ही वस्तू कोणाच्या ताब्यात आहे ते स्पष्ट करा. ही तुम्ही आधीच दुसऱ्याला दिली आहे, आता वापरता येणार नाही. मला माझं खातं आठवून गहिवरून आलं.

"ह्या भाषेत हरेक वस्तूला एक मालक असतो," ती म्हणाली. "मालकाचं काम संपलं की वस्तू आपोआप पुसली जाते. म्हणून जागा अडकून पडत नाही."

गिरजाबाईंचा हात थांबला. "मालक गेला तं वस्तू ठेवतच नाई का वो?"

"ठेवते ना काकू. दुसऱ्याच्या हाती सोपवली तर राहते. फक्त आधी सोपवावी लागते."

"हव," गिरजाबाई म्हणाल्या. "सोपवाले वेळ भेटला पाह्यजे."

आणि पुन्हा विणू लागल्या. दिव्यानीनं लॅपटॉपचा उजेड उगाच कमी-जास्त केला.

निकेशनं आपल्या कोडात मधे मधे सूचना लिहून ठेवल्या होत्या. त्या कॉम्प्युटर वाचत नाही, माणसानं वाचायच्या असतात. "इथी म्हैस आहे. मंधातला आकडाच घे." "ही ओळ काऊन चालते मले माहीत नाई. चालते, चालू द्या." "भाऊले विचारू नका, ते सेंटिमीटर म्हणतील." दिव्यानी हे मोठ्यानं वाचून दाखवी आणि गिरजाबाई जाळ्यात तोंड घालून हसत. काही पुसायचं नाही म्हणून तिनं प्रत्येक सूचना नव्या कोडात जशीच्या तशी उतरवली. जी ओळच आता नव्हती तिचीही.

चोरणारी ओळ तिला सहाव्या दिवशी सापडली. म्हणजे नसलेली ओळ कुठं नाही ते सापडलं. तिनं पडद्यावर तिथं बोट ठेवलं. "एवढीशी," म्हणाली, "शेजारी असताना दाखवली असती तर मी लगेच…"

मग परीक्षा. सात दिवसांच्या मोजण्या डब्यातच जुन्या आणि नव्या भागातून शेजारी शेजारी चालवल्या. एका अक्षराचा फरक आला नाही. दिव्यानीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि खुर्ची मागं रेलली. सगळं झालं होतं. त्याच वेळी मी उठून घरी गेलो असतो तर ही गोष्ट इथं संपली असती.

पण तिनं दाखवायला म्हणून आकड्यांची फाइल उघडली. माझी नजर गळ्याच्या आकड्यावर पडली आणि तिथंच अडकली.

"हे चूक आहे."

"खाली लिहिलंय भाऊ." तिनं वाचलं, "'हे आकडे बरोबर आहेत. तपासले. हात लावू नका.'"

"माझ्या खात्यात ज्यानं ज्यानं चूक केली त्यानं त्यानं खाली हेच लिहिलं होतं."

मी टेप मागवला. स्वतःला भिंतीशी उभं केलं आणि तिच्याकडून मोजून घेतलं. माझा गळा त्या आकड्यापेक्षा एक वीत वर होता. मग येणाजाणाऱ्या पाच बाप्यांना मोजलं, पत्रूसकट, आणि सरासरी काढली. तीस वर्षांत मला कोणी सरासरी मागितली नव्हती, ती मी त्या दिवशी फुकट काढली.

"पोरगा पाण्यात कधी उतरला नाही," मी म्हणालो. "त्याला काय माहीत पाणी कुठं लागतं."

हे वाक्य मी म्हणालो. गिरजाबाई त्या दिवशी चामोर्शीच्या बाजारात गेल्या होत्या. दिव्यानी थोडी घुटमळली. मग मी पाण्यातला जाणकार असं समजून तिनं माझे पाच आकडे टाकले, नव्या कार्डात, नव्या फाइलीत. डब्यातलं जुनं कार्ड, सगळी माहिती ज्यात असते ते नखाएवढं, काढून टेबलाच्या खणात ठेवलं.

मला वस्तू रिकामी पडलेली बघवत नाही. संध्याकाळी मी ते कार्ड टपरीवरच्या मोबाइलवाल्याकडं नेलं, साफ करून घेतलं आणि त्यात झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी काठोकाठ भरून खुशालला दिलं. निकेश गेल्यापासून खुशाल बोलायचाच बंद झाला होता. "निकेशच्या डब्यातलं आहे," मी म्हणालो. त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं. मला वाटलं, आज आपण दोन चांगली कामं केली.

दुसऱ्या दिवशी सहाला बाई बोलली, "नमस्कार. आज घाटावर पाणी छातीभर आहे."

साडेसहाला कलाबाई कचेरीत. डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

"भाऊ, कोणाची छाती मोजली तुमी?"

"काय झालं?"

"का झालं म्हणजे? छातीभर म्हणते ती तुमची पुण्याची रांड. मी उतरली तं पानी माह्या गळ्याले. हाताळं सोडून पळाली. काल हेच पानी गळाभर होतं. एका राती तलाव आटला, का मी बुटकी झाली?"

मी सरासरीचा कागद पुढं केला. तिनं तो ओल्या हातानं घेतला, बघितला आणि त्याच कागदानं तोंड पुसलं.

तिच्या मागं गिरजाबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. त्या कोरड्या होत्या. माझ्याकडं न बघता डब्याकडं बघत म्हणाल्या, "भाऊ, त्याचा गळा कुठी गेला?"

मला काही समजलं नाही. दिव्यानीला समजलं. ती हळूच खुर्चीवरून उठली.

"मीच मोजला होता त्याले," गिरजाबाई म्हणाल्या. "दाराच्या चौकटीपाशी उभा करून. शिलाईचा टेप होता. टोंगळा, कंबर, छाती, गळा, डोई. मले म्हणे, माय, गावात सगळ्यात ठेंगणा मीच आहो. पानी माह्या गळ्यापरेंत आलं तं कोणाच्याच नाकात जात नाई. माह्याच अंगानं मोजतो."

कलाबाई चिंब उभी होती, ती खाली बसली.

"आन म्हणे, आता मी बी रोज उतरीन तलावात. भिजणार मातर नाई." त्यांनी पदर नीट केला. "कोणाले सांगू नको म्हणे, हासतील. मी नाई सांगितलं. रोज सकाळी ती बाई बोलली का मले समजे, आज तो कितीक पान्यात उभा हाये. तो गेला तरी समजे. ऑगस्टात ती मुकी झाली तं मले वाटलं, गेला आता. मंग तुमी बटण दाबलं."

बाहेर भोंग्यावर चिमण्या बसल्या होत्या. मी टेबलावरचा टेप गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मी परत टाकते काकू," दिव्यानी म्हणाली. "आत्ता टाकते." मग तिचा हात लॅपटॉपवरच थांबला. "मी कोडची प्रत घेतली होती. आकड्यांची नाही घेतली. पण जुन्या कार्डात आहेत." तिनं खण ओढला.

खण रिकामा होता. सांगावं लागलं.

खुशालला बोलावलं. तो गाणी लावलेला मोबाइल हातात धरूनच आला. काय झालं ते ऐकलं, मोबाइलमधून कार्ड काढलं, धोतराला पुसलं आणि दिव्यानीपुढं ठेवलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचा आवाज ऐकला.

"गाणे काढून टाका बाई," तो म्हणाला. "खाली तोच असंन."

तिनं दुपारपर्यंत प्रयत्न केला. गाणी निघाली. खाली कोणी नव्हतं. मोबाइलवाल्यानं काम चोख केलं होतं.

तेव्हा मला माझी वही आठवली. खातं सुटलं तरी सवय सुटत नाही. वर्षभर रोज सकाळी सहाला मी घाटावरची पट्टी वाचून सेंटिमीटर लिहीत होतो आणि शेजारी बाई काय बोलली तेही, तिची चूक पकडावी म्हणून. ती चूक कधी सापडली नाही. पण हिवाळ्यात तलाव रोज अर्धा बोट उतरतो. ज्या दिवशी "उतरू नका" संपून "गळाभर" सुरू झालं, त्या दोन ओळींच्या मधे निकेशचा गळा होता.

मी वाचत गेलो, दिव्यानी लिहीत गेली. गळा सापडला, एका सेंटिमीटरचा वाद ठेवून. छाती जानेवारीत सापडली, तो गेला त्याच आठवड्यात. त्या दिवशीही मी पट्टी वाचून मगच त्यांच्या घरी गेलो होतो, असं वहीवरून दिसतं. कंबर होळीच्या आसपास. टोंगळा मे महिन्यात, कडक उन्हात. गळ्यापासून खाली, एकेक करून, माणूस उभा राहत होता. गिरजाबाई प्रत्येक आकड्याला "हव" म्हणत होत्या.

डोई राहिली. डोईपर्यंत पाणी वर्षात एकदाच गेलं होतं, ऑगस्टमध्ये. मी ती पानं उघडली. तेरा दिवस कोरी होती. वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "रजेवर."

"तुम्ही पाहिला होता ना भाऊ, शेवटचा आकडा?" दिव्यानीनं विचारलं.

"मी गळ्यावरच थांबलो."

"मी पाहिला होता. एकशे चाळीसच्या पुढं काहीतरी." तिनं डोळे घट्ट मिटले. "रोज शेजारी बसायचा. बसलेलाच आठवतो."

चौकटीवर खूण केली होती का, असं मी गिरजाबाईंना विचारलं.

"खूण काऊन करू?" त्या म्हणाल्या. "माणूस घरातच होता."

दवाखान्याचे कागद खुशालनं त्याच्या कपड्यांबरोबर वैनगंगेत सोडले होते. डोईचा आकडा नसला तर काय अडतं, असं कलाबाई एकदा म्हणाली, सायरन माझ्या सरासरीच्या आकड्यावरही वाजला असता.

मग गिरजाबाई उठल्या. "चाला," म्हणाल्या.

त्यांच्या घरी गेलो. त्या दाराच्या चौकटीपाशी उभ्या राहिल्या, चौकटीकडं तोंड करून. डोळे मिटले आणि उजवा हात पुढं करून तळवा हवेत आडवा धरला, आपल्या भुवईच्या किंचित खाली. केसांवरून हात फिरवायला धरतात तसा. "इथी," म्हणाल्या. "तेल लावताना हात इथी येत होता."

मी टेपचं टोक जमिनीला लावलं आणि दुसरं तळव्यापर्यंत नेलं. तीस वर्षं मी ह्याहून खोल पाणी वाचलं आहे. आकडा वाचला आणि वर बघितलं तर हात हलला होता. पुन्हा वाचला. दोन सेंटिमीटर वर. पुन्हा. एक खाली.

"हलतंय," मी म्हणालो. खात्यात असताना पाणी हलतं तेव्हा आम्ही थांबायचो. इथं किती थांबणार.

दिव्यानी भिंतीशी कागद घेऊन बसली होती. "वाचत राहा भाऊ," ती म्हणाली. "जितके वेळा होईल तितके. मी लिहिते. मग लहानापासून मोठ्यापर्यंत लावू आणि मधला घेऊ." थोडं थांबून म्हणाली, "त्याची तीच रीत आहे."

मी वाचत राहिलो. ती लिहीत राहिली. खुशाल उंबऱ्यावर बसून टेपचं खालचं टोक अंगठ्यानं दाबून होता. शंभर नाही झाले. एकवीस झाले तेव्हा दिव्यानीनं पेन खाली ठेवलं, आकडे ओळीनं लावले, दोन्ही बाजूंनी दहा-दहा खोडले आणि मधल्याभोवती गोल केला. तो बरोबर आहे की नाही हे तपासायला आता जगात दुसरी नोंद नाही. अशा आकड्यापुढं खात्यात आम्ही "अंदाजे" लिहीत असू. मी पेन हातात घेतलं आणि लिहिलं नाही.

गिरजाबाईंचे डोळे अजून मिटलेले होते. हात तिथंच होता, हवेत, आणि बोटं अगदी थोडी हलत होती, मागून पुढं, पुढून मागं.

"झालं का भाऊ?" त्यांनी विचारलं. "हात खाली घेऊ?"

टेप माझ्या हातात होता. मी तो पुन्हा एकदा त्यांच्या तळव्यापर्यंत नेला आणि आकडा वाचू लागलो.